नक्कल म्हणणाऱ्यांनो, जरा ऐका!

काही शब्द असे असतात, की ते एकदा उच्चारले म्हणजे पुढचा विचार करण्याचे कष्ट वाचतात. 'नक्कल' हा त्यांपैकी एक. कोणी केसांचा कोंबडा काढला, कोणी गळ्यात गिटार अडकवली, कोणी इंग्रजी गाण्यावर पाय हलवला, की ओट्यावर बसलेले सद्गृहस्थ पानाची पिंक टाकावी तितक्या सहजपणे हा शब्द टाकतात आणि दुसऱ्या विषयाकडे वळतात. ज्याच्या अंगावर ती पिंक उडते त्याने ती पुसायची कशी, याची चौकशी कोणी करीत नाही.

मला आज या शब्दाशीच भांडायचे आहे. ऐन दिवाळीत, फराळाचे ताट पुढे असताना हे भांडण कशाला, असे एखादी माउली म्हणेल. पण बाई, भांडायचे तर सणासुदीलाच. एरवी सारे घर एका ठिकाणी सापडते कुठे? शिवाय ज्यांच्या वतीने मी भांडतो आहे, ती माणसेही आपल्याला सणासुदीलाच आठवतात.

भांडणाचा विषय वरवर पाहता अगदी क्षुल्लक आहे. लहान गावातला एक लहान बँड. चार पोरे, दोन गिटारी, ड्रमचा एक संच. आणि वाजवायची गाणी कोणती, तर ती पोरे शाळेत जाऊ लागण्यापूर्वीच जुनी झालेली, साता समुद्रांपलीकडची रॉक अँड रोलची गाणी. ना चाल स्वतःची, ना शब्द स्वतःचे. जुने संगीत पुन्हा उभे करणाऱ्या अशा मंडळींना तिकडे 'रिव्हायव्हल'वाले म्हणतात. आपण पुनरुज्जीवन म्हणू आणि मुद्दा सरळ मांडू. माझे म्हणणे असे, की पुनरुज्जीवन करणारा सामान्य वादक हा नकलाकार नव्हे. तो परंपरेचा हमाल आहे. आणि ज्या समाजाला गवयाचा मान कळतो पण हमालाचा कळत नाही, त्या समाजाची गाणी फार दिवस टिकत नाहीत.

हे रॉक अँड रोल प्रकरण काय, ते आधी थोडक्यात सांगतो; कारण आता ते आजोबांना जितके परके तितकेच नातवालाही परके झाले आहे. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या गाण्यांतून ते जन्माला आले. १९५४ साली बिल हेलीने 'रॉक अराउंड द क्लॉक' हे गाणे ध्वनिमुद्रित केले, १९५६मध्ये त्याच नावाचा बोलपट आला, एल्व्हिस प्रिस्लेने तरुणांना वेड लावले आणि जगभरच्या आईबापांनी कपाळाला हात लावला. पण ही भरती ओसरलीही लवकर. लिटल रिचर्ड १९५७मध्ये धर्मोपदेशाकडे वळला, एल्व्हिस १९५८मध्ये लष्करात गेला, आणि १९५९च्या फेब्रुवारीत बडी हॉली विमान-अपघातात गेला. पुढे बीटल्सचे युग आले आणि अवघ्या दहा-बारा वर्षांत कालची बेफाम गाणी आजोबांच्या गाण्यांत जमा झाली.

येथेच गंमत आहे. १९६९च्या सप्टेंबरात कॅनडातल्या टोरोंटो शहरी याच गाण्यांच्या पुनरुज्जीवनाचा मोठा जलसा भरला. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या काही विद्यार्थ्यांनी 'शा ना ना' नावाचा संच काढला. वुडस्टॉकच्या त्या जगप्रसिद्ध मेळ्यात, शेवटच्या सकाळी, जिमी हेंड्रिक्सच्या आधी ही पोरे उभी राहिली, आणि नवे संगीत ऐकायला आलेल्या गर्दीला त्यांनी जुनी गाणी ऐकवली. पुढे १९७८च्या 'ग्रीस' या चित्रपटात जुन्या काळचा बँड दाखवायचा होता, तेव्हा याच संचाला बोलावण्यात आले. या मंडळींतला एक जण भाषाशास्त्राचा प्राध्यापक झाला, एक बायबलचा पंडित झाला, एक हाडांचा शस्त्रवैद्य झाला. दुसऱ्यांची गाणी म्हटल्याने त्यांच्या पदव्यांना उणेपणा आल्याचे ऐकिवात नाही.

आता न्यूयॉर्कहून दौंडला येऊ. अंतर फार आहे, पण रुळांवर वाढलेल्या माणसाला अंतराचे भय नसते.

दौंड हे गाव रेल्वेने वाढवले. १८७८ साली येथून मनमाडपर्यंत रूळ गेले आणि भीमेकाठचे हे गाव जंक्शन झाले. इंजिनांची शेड आली, वसाहत आली, आणि तिच्याबरोबर ड्रायव्हर, गार्ड, फायरमन म्हणून नाना भाषांची आणि नाना धर्मांची माणसे आली. अँग्लो-इंडियन कुटुंबे आली. क्वार्टरांच्या भिंती पातळ. या घरातून पहाटेचे अभंग आणि त्या घरातून जिम रीव्ह्जचे इंग्रजी गाणे एकाच वेळी ऐकत मी लहानाचा मोठा झालो. आमच्या आईला त्यातले अक्षर कळत नसे. पण शेजारच्या घरी नाताळात गिटार लागली, की ती वाटीभर चिवडा घेऊन दारात ऐकत उभी राही. यात कोणाची संस्कृती बुडाल्याचे मला स्मरत नाही.

अशा वसाहतीतून बँड निघाला नसता तरच नवल. मी ज्यांच्याविषयी लिहितो आहे ती चार पोरे १९८०नंतरची. त्यांची नावे देत नाही, कारण ती आता पोक्त माणसे आहेत, आणि आपल्या नावाचा असा गाजावाजा त्यांना रुचणार नाही. एकाचा बाप मालगाडीवर ड्रायव्हर, एकाचा सुतार, एकाचे चहाचे दुकान, आणि चौथा आमच्याच ओळीतल्या ख्रिस्ती कुटुंबातला. गिटारी जुन्या बाजारातल्या. तालमीला जागा म्हणजे एका क्वार्टरचा मागचा व्हरांडा. रात्रपाळी करून आलेली माणसे दुपारी झोपतात, म्हणून ड्रमवर टॉवेल टाकून वाजवायचे. गुरू एकच, कॅसेट. ती पेन्सिलीने गुंडाळून गुंडाळून इतकी सैल झालेली, की मूळ गाणे अर्ध्या सुराने उतरलेले. पोरांनी ते तसेच उचलले. पुढे एकदा कोणाकडे त्याच गाण्याची खरी तबकडी ऐकायला मिळाली, तेव्हा 'मूळ गायक जरा चढ्या पट्टीत गातो' असा अभिप्राय त्यांनी दिला! इंग्रजी शब्द वहीत देवनागरीत लिहून ठेवलेले. अर्थ निम्मा कळे, निम्मा अंदाजाने भरून काढीत.

पहिला कार्यक्रम गणपतीत झाला. मांडवात एल्व्हिसचे गाणे सुरू करताच लोकांनी हिंदी गाण्याचा पुकारा केला. पोरांनी डोके लढवले आणि 'ईना मीना डीका' धरले. मांडव डोलू लागला; आणि डोलता डोलता त्याच लयीत त्यांनी बिल हेली केव्हा घुसवला, ते कोणाला कळलेही नाही. पुढे नाताळच्या सुपाऱ्या आल्या, वर्षअखेरीच्या रात्रीच्या आल्या, पुण्यापर्यंत बोलावणी आली. पॅसेंजर गाडीत ड्रम मांडीवर घेऊन ही मंडळी जात आणि पहाटेच्या गाडीने परतून कामावर हजर होत. मिळालेल्या बिदागीतून आधी तारांचे पैसे काढायचे, मग उरेल ते चौघांत वाटायचे. उरे ते फार नसे. तबकडी निघाली नाही, वर्तमानपत्रात नाव आले नाही. अकरा वर्षे वाजवले. मग एकाला रेल्वेत नोकरी लागून त्याची भुसावळला बदली झाली, एक आखातात गेला, एकाने विजेच्या सामानाचे दुकान काढले, आणि गाणारा एकटा उरला. एकट्याचा बँड होत नाही. एवढीच ती कारकीर्द.

या अकरा वर्षांतला एक प्रसंग मी डोळ्यांनी पाहिला. तालुक्यातल्या एका मोठ्या घरचे लग्न. चौघांनी संध्याकाळपासून रात्रीपर्यंत वाजवले. पंगती उठल्या, वाढपी जेवले, आचाऱ्याची माणसे जेवली, मग यांना मांडवामागे पाने मांडली. ते एक वेळ चालले असते. पण पैसे देताना यजमानांनी ठरलेल्या रकमेच्या निम्मेच हातावर ठेवले आणि वर म्हणाले, "दुसऱ्याचीच गाणी वाजवता ना? नकलेला पुरे पैसे कशाला?"

त्या गृहस्थांना त्या वेळी कोणी उत्तर दिले नाही. म्हणून मी देतो. महाराज, त्याच दिवशी तुमच्या दारी भटजींनी जी मंगलाष्टके म्हटली, ती त्यांनी स्वतः रचली होती काय? आचाऱ्याने बुंदीचा लाडू स्वतः शोधून काढला होता काय? नवऱ्यामुलाचा सूट शिंप्याने कोणाचा नमुना न पाहता शिवला होता काय? त्या साऱ्यांना तुम्ही पुरे पैसे दिलेत. अस्सलपणाची अट तुम्हाला आठवली, ती फक्त वाजवणाऱ्याची पाळी आली तेव्हा!

पण हा प्रश्न एका कंजूष यजमानाचा नाही. त्यांच्या तोंडून आपण सारेच बोलत होतो. या पोरांवर आपले तीन आरोप असतात. संगीत परके, वादन उसने, आणि एकूण प्रकार थिल्लर. तिन्ही आरोप एकेक करून पाहू.

परकेपणाचे म्हणाल, तर आपल्या घरातली पेटी कोठून आली? हार्मोनियम युरोपातून आली. ती परकी म्हणून आकाशवाणीने १९४०पासून १९७१पर्यंत तिला बंदी घातली होती. पण तेवढ्या काळात कीर्तनकाराने पेटी सोडली काय? भजनी मंडळाने सोडली काय? आज पेटीवाचून आपले एक भजन उभे राहत नाही. व्हायोलिन तिकडचे, क्लॅरिनेट तिकडचे, लग्नाच्या वरातीतला पितळी बँड तर थेट गोऱ्या पलटणींचा. जे तीन पिढ्या वाजले ते आपले झाले. गिटारीनेच काय घोडे मारले आहे?

आणि परके परके म्हणून ज्याला आपण दूर लोटतो, ते आपल्याच रुळांवरून आलेले आहे, हे दौंडकरांना तरी कोणी सांगायला हवे काय? दौंडहून मनमाडच्या गाडीत बसा. नगर जाते, श्रीरामपूर जाते, आणि मग पुणतांबे लागते. रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, यांचा जन्म १९१८ साली याच पुणतांब्यात झाला. त्यांनी गाणे शिकले ते विनायकबुवा पटवर्धनांकडे, पुण्यात. म्हणजे कुळ शुद्ध, तालीम शुद्ध. या गृहस्थांनी १९४७च्या 'शहनाई'त, १९५१च्या 'अलबेला'त पाश्चात्त्य लय आणली. 'अलबेला'चे भगवानदादा पालव हे गिरणी कामगाराचे चिरंजीव, आणि पडद्यावर त्यांच्याबरोबर दिसणारा चिक चॉकलेट हा गोव्यातल्या हळदोण्याचा वाझ. मग १९५७च्या 'आशा'त 'ईना मीना डीका' आले आणि रॉक अँड रोल थेट मराठी माजघरात शिरले. त्यातल्या अर्थहीन अक्षरांना रामचंद्रांच्या गोवेकर साथीदाराने कोकणीची फोडणी दिली, असे सांगतात. पुणतांब्याचा संगीतकार, गोव्याचे वादक, गिरणगावचा नाच! यात परके कोण, ते मला दाखवा.

आता दुसरा आरोप, उसनेपणाचा. नाट्यसंगीत हे आपले अभिमानस्थान. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'सौभद्र' १८८२चे. त्यातल्या पदांच्या चाली अण्णासाहेबांनी कोठून घेतल्या? कर्नाटकी पदांतून घेतल्या, लावणीतून घेतल्या, बायकांच्या गाण्यांतून घेतल्या. 'मानापमान' १९११चे, त्यासाठी गोविंदराव टेंब्यांनी पूरब अंगाच्या ठुमऱ्यांकडे पाहिले. पुढे बोलपट आला आणि संगीत नाटकाचे दिवस फिरले. मग १९६०चे 'पंडितराज जगन्नाथ', १९६४चे 'मत्स्यगंधा', १९६७चे 'कट्यार काळजात घुसली' अशी नाटके आली आणि आपण आनंदाने म्हणालो, संगीत रंगभूमीचे पुनरुज्जीवन झाले! आजही दिवाळी पहाटेला एखादी गायिका शंभर वर्षांपूर्वीचे पद, त्याच चालीत, त्याच जागा घेऊन म्हणते, तेव्हा आपण शालजोडी पांघरून डोळे मिटतो आणि 'काय परंपरा जपली आहे!' म्हणून उसासा टाकतो. मग व्हरांड्यातल्या पोराने सत्तर वर्षांपूर्वीचे गाणे, त्याच चालीत, त्याच जागा घेऊन म्हटले, की ती नक्कल कशी होते? शालजोडी नसते म्हणून?

माझे नाट्यसंगीताशी वैर नाही. मीही पहाटे उठून जातो. माझे वैर आपल्या दुटप्पी मापाशी आहे. घराण्यातला शिष्य दहा वर्षे गुरूची तान गिरवतो, त्याला आपण तालीम म्हणतो. गिटार शिकणारा दहा वर्षे तेच करतो, त्याला माकडचाळे म्हणतो. आणि या गिरवण्यातून नवे काही निघत नाही असेही नाही. आत्माराम आणि आशा भेंडे यांचे चिरंजीव नंदू भेंडे मुंबईच्या बँडांत इंग्रजी गाणी गात मोठे झाले. १९७४च्या सुमारास अलेक पदमसींच्या 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार'मध्ये ते ज्यूडास होऊन गायले. आणि १९७८ साली पु. ल. देशपांड्यांचे 'तीन पैशाचा तमाशा' जब्बार पटेलांनी उभे केले, तेव्हा मराठी रंगमंचावर रॉकचा नाद घेऊन तेच आले. आधी वर्षानुवर्षे उसने गायले नसते, तर हे अस्सल कोठून आणले असते?

मनमाडकडून पुण्याकडे जाणारी गाडी दौंडात आली, की तिचे इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला लावीत. अलीकडे कॉर्ड लाइन झाल्यापासून काही गाड्यांचा हा खटाटोप वाचला. पण ज्यांनी तो पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे: शेवटचा डबा पहिला होतो, नवख्या प्रवाशाला वाटते गाडी परत निघाली, आणि गाडी तर पुढेच जात असते. पुनरुज्जीवन म्हणतात ते हेच.

तिसरा आरोप थिल्लरपणाचा. याला उत्तर द्यायला पुन्हा पुणतांब्यालाच जावे लागते. ज्या हातांनी 'ईना मीना डीका' केले, त्याच हातांनी १९६३ साली 'ऐ मेरे वतन के लोगो' केले. दिल्लीत लताबाईंच्या तोंडून ते ऐकताना देश गहिवरला. हात तेच, पेटी तीच. थिल्लर आणि गंभीर यांच्या दोन जाती नसतात; आनंद आणि दुःख यांच्या त्या दोन वेळा असतात. १९५२मध्ये आकाशवाणीने चित्रपटगीते थिल्लर ठरवून बाजूला सारली, तेव्हा सारा देश कान टवकारून रेडिओ सिलोन ऐकू लागला. आणि १९५७मध्ये विविध भारती काढून सरकारलाच लोकांच्या मागे यावे लागले. लोकांना काय आवडावे याचा हुकूम काढता येत नाही. दौंड तालुक्यातच चौफुला आहे. तेथल्या कला केंद्रांत जुनी लावणी अजून ढोलकीवर उभी राहते. तिलाही प्रतिष्ठितांनी एके काळी थिल्लरच म्हटले होते. आता तिच्यावर प्रबंध लिहितात. प्रबंध लिहिले जाईपर्यंत ती कोणी जिवंत ठेवली? नाव नसलेल्या ढोलकीवाल्यांनी आणि पेटीवाल्यांनी.

आपल्याच माणसांना ओळखायला आपल्याला नेहमी बाहेरच्याचे बोट का लागते? राजा नवाथ्यांच्या १९६५च्या 'गुमनाम'मध्ये एक गाणे आहे. आवाज मोहम्मद रफींचा, नाच लक्ष्मी छायाचा, आणि पडद्यावर बँड 'टेड लायन्स अँड हिज कब्ज' हा मुंबईतला छोटा संच. २००१ साली 'घोस्ट वर्ल्ड' या अमेरिकन चित्रपटाची सुरुवातच त्या गाण्याने झाली, आणि मग आपल्याकडे विचारणा सुरू झाली, की हे टेड लायन्स कोण? छत्तीस वर्षे तो बँड आपल्याच पडद्यावर वाजत होता!

आणि आता या पोरांच्या जागी आपण काय आणले आहे ते पाहा. वरात असो, मिरवणूक असो, ट्रकवर कर्ण्यांची भिंत. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा, रात्री दहानंतर कर्णे बंद. पण ही भिंत आली की खिडक्यांच्या काचा थरथरतात आणि पाळण्यातले मूल दचकून रडते. त्या भिंतीमागे एक माणूस बोटाने कळ दाबतो. त्याला कोणी नकलाकार म्हणत नाही, आणि त्याचे पैसे निम्मे करण्याची कोणाची छाती होत नाही. चार जिवंत माणसांचे आठ हात आपल्याला महाग वाटले, आणि ही भिंत स्वस्त वाटली. ड्रमवर टॉवेल टाकणारी पोरे मात्र असंस्कृत!

तेव्हा वाचकहो, नुसते भांडून मी थांबत नाही; चार साध्या गोष्टी मागतो. येत्या लग्नसराईत तुमच्या घरी कार्य असेल तर भिंत आणू नका, गावातली वाजवणारी पोरे आणा. ठरलेली बिदागी ठरल्याप्रमाणे, आणि शक्य तर सुरुवातीलाच द्या. पत्रिकेवर आपण मामा-काकांची पंधरा नावे छापतो. खाली एका ओळीत वाजवणाऱ्यांचीही छापा. आणि तुमच्याच घरातला मुलगा किंवा मुलगी गिटार घेऊन कोणाचे तरी जुने गाणे दिवसभर घोकत असेल, तर 'स्वतःचे काही कर' म्हणून त्याला हिणवू नका. ते आपण होऊन येईल. न आले तरी त्याने एक गाणे आणखी तीस वर्षे जिवंत ठेवले, हे काम लहान नाही.

गाणे रचणारा ते एकदाच रचतो. पण ते उद्या ऐकू यायचे तर उद्या कोणीतरी ते वाजवावेच लागते. त्या 'कोणीतरी'चे पान शेवटच्या पंगतीत आणि मांडवामागे नको, एवढीच माझी मागणी आहे. ती मोठी आहे असे ज्यांना वाटेल, त्यांनी यंदाची दिवाळी एकही जुने गाणे न ऐकता काढून पाहावी.